माझ्या वतीनं

महाल, नागपूर
९ डिसेंबर १९७९

चिरंजीव गिरिधरास,
तायडीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तिकडे बर्फ पडायला लागला हे वाचूनच माझे गुडघे आखडले. इकडेही थंडी चांगलीच आहे. सकाळी सिंधू माझे हात गरम पाण्यात धरून ठेवते, तेव्हा कुठे बोटं थोडी सुटतात. हे पत्र दुपारचं ऊन खाटेवर आल्यावर लिहिते आहे, पेन्सिलीला चिंधी गुंडाळून. शाळेत शिकवायचे तेव्हा असं अक्षर पाहिलं की मी पान परत लिहायला लावायचे. तू मात्र समजून घे.

घरचं ठीक आहे. कुहीहून सिंधूचा भाऊ नवा तांदूळ देऊन गेला. संत्री स्वस्त झाली आहेत. सिंधू सोलून, बिया काढून एकेक फोड माझ्या तोंडात देते आणि तुझी आठवण काढते. तुझी बायको माझं फार करते. हे मी प्रत्येक पत्रात लिहिते, पण ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

एक विचारायचं होतं. लोकसभेचं मतदान जानेवारीत आहे. तुम्हा फौजी लोकांना मतपत्रिका टपालानं येते ना? ती कशी असते, तिच्यावर खूण कशी करायची, कोणी बघत तर नाही, हे सविस्तर लिही. मी विचार केला, भावाला येते तर बहिणीला का नाही येणार? म्हणून मी निवडणूक कचेरीच्या नावानं अर्ज लिहिला. अकरा वर्षांपासून संधिवातानं खाटेवर आहे, केंद्रावर येणं शक्य नाही, मला टपालानं मतपत्रिका पाठवावी, असा. सिंधू तो घेऊन गेली.

तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला म्हणे. मग सिंधूला विचारलं, "तुमची नणंद फौजेत आहे का?"

"नाही जी."

"निवडणुकीच्या ड्युटीवर आहे?"

"नाही."

"मग स्थानबद्ध आहे का? म्हणजे सरकारनं अटकेत ठेवलं आहे का?"

सिंधू म्हणाली, "नाही जी, घरीच आहे. पडून राहते."

"मग नाही मिळत," तो म्हणाला. माणूस वाईट नसावा. त्यानं समजावून सांगितलं की आजारी, अपंग माणसाचा नियमात उल्लेखच नाही. त्यानं केंद्रावरच यायला हवं. तिथे पोचलं आणि हात चालत नसेल, तर मात्र एकवीस वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो. तो सांगितल्या जागी शिक्का मारून देतो.

अटकेतल्या माणसाला टपालानं मत देता येतं हे ऐकून मी हसले. सिंधू हसली नाही. हा विषय निघाल्यापासून ती थोडी गप्पच आहे. तू तिला त्याबद्दल काही विचारू नको.

मागच्या वेळी विधानसभेला तू सुट्टीवर आला होतास, तेव्हा तर मत द्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. असो.

स्वेटर आत घालत जा.

तुझी,
तायडी

•

महाल, नागपूर
३० डिसेंबर १९७९

चिरंजीव गिरिधरास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. मतपत्रिका कशी असते ते तू लिहिलं नाहीस. लिहिलंस ते एवढंच, की ताई, एवढ्या थंडीत काय गरज आहे, एका मतानं काय होते. तुला माझी काळजी वाटते हे मला समजतं. पण वाचून मला राग आला, आणि तो तीन-चार दिवस गेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुला माहीत आहे, माझं सगळं दुसऱ्याच्या हातात आहे. अंघोळ कधी करायची, कोणत्या कुशीवर निजायचं, दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे मला कोणाला तरी सांगावं लागतं किंवा कोणी तरी माझ्यासाठी ठरवतं. त्याची तक्रार नाही. पण मत म्हणजे अशी एक गोष्ट होती जी कोणाला न सांगता, न विचारता मी मनात ठरवू शकले असते. मागच्या वेळी तीही गेली. मला कळायच्या आधी गेली.

मी हे लिहिणार नव्हते. तुमच्याकडे पत्रं फोडून वाचतात असं म्हणतात. पण मनात ठेवून आता झोप येत नाही. मागच्या मतदानाच्या संध्याकाळी शेजारची कांताबाई आली आणि म्हणाली, "जयवंताबाई, तुमचं मत तं होऊन गेलं. आमच्या पोरानं यादीत खूण पाह्यली." मला वाटलं, तिचा काही घोळ झाला असेल. रात्री सिंधू मला भरवायला बसली. वरणभाताचा घास तिनं पुढे केला, हात बदलून ताट सावरलं, तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई दिसली. तिचं लग्न नुकतंच झालेलं. तिचं नाव अजून माहेरच्या, कुहीच्या यादीत होतं, इथल्या यादीत नव्हतंच. मग शाई कुठून आली?

मी तो घास गिळला. काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही.

तू रागावू नको तिच्यावर. तिला कोणी तरी शिकवलं असेल. तुम्हा दोघांत यावरून काही झालं तर मी कुठे जाऊ? जिच्या हातानं जेवते, जिच्या हातानं कूस बदलते, तिच्याशी कोणत्या तोंडानं भांडू? आणि हे कायद्यानं गुन्हा आहे म्हणतात. म्हणून म्हणते, तू हे वाच आणि मनात ठेव.

आता खरी अडचण ऐक. या थंडीत माझ्या मुठी सकाळी उघडतच नाहीत. मला सोबती लागणार. कांताबाई येईन म्हणते, पण मी कोणाला मत दिलं हे तासाभरात अख्ख्या गल्लीला कळेल. आणि घरात सिंधू असताना मी कांताबाईला नेलं, तर सिंधूला कळेल की मला सगळं माहीत आहे. म्हणून सिंधूलाच न्यायचं ठरवलं. ती सांगितल्या जागी शिक्का मारेल की नाही, हे विचार करकरून माझं डोकं दुखतं.

रामाजी रिक्षावाल्याशी बोलणं झालं आहे. तो आणि त्याचा जोडीदार मला खुर्चीवर बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेतील, तिथून रिक्षा. काल खुर्चीत बसून पाहिलं. माकडहाडात इतकी कळ आली की मी ओठ चावला, पण उतरवा म्हटलं नाही. डॉक्टर म्हणतात, हिसका बसला तर पुढचे महिनाभर उठून बसता येणार नाही. शिवाय केंद्र आहे त्या शाळेत बाईमाणसाची सोय कुठे असेल, मला तिथे कोण उचलून नेईल, या भीतीनं आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही असं ठरवलं आहे. अकरा वर्षांत लोकांनी मला पाहिलेलं नाही. ते बघत राहतील, तेही आहेच.

तरी मी जाणार.

तुझी,
तायडी

•

महाल, नागपूर
२१ जानेवारी १९८०

गिरिधर,

मतदान होऊन गेलं, निकालही लागला. लगेच लिहिणार होते, पण अंग इतकं दुखत होतं की पेन्सिल धरवली नाही. आता बरी आहे.

त्या दिवशी सिंधूनं मला पहाटेच तयार केलं. तुझ्या लग्नातलं निळं लुगडं नेसवलं. लुगडं नेसवताना तिचे हात गार होते. रामाजीनं खुर्चीला उशी बांधून आणली होती. गल्लीत बायका दारात आल्या, कोणी हात जोडले, जसं काही मी देवळात चालले होते. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात बसली की सिंधू माझी कंबर दोन्ही हातांनी धरायची.

शाळेला पायऱ्या होत्या. खुर्ची तिरपी झाली तेव्हा मी डोळे मिटले आणि वाटलं, परत फिरावं. मोठ्यानं म्हटलंही असेन, कारण रामाजी म्हणाला, "आता काहून भेता जी बाई, पोचलो ना."

केंद्राध्यक्ष एक तरुण मास्तर होते. त्यांनी यादीत माझं नाव काढलं, माझे हात पाहिले, पुस्तिकेत नियम वाचला आणि सिंधूला सोबती म्हणून परवानगी दिली. तेवढ्यात एका उमेदवाराचा एजंट उठला. "साहेब, ही बाई आत जाऊन आपल्या मनानं शिक्का मारंल. या बसल्या खुर्चीवर, यायले काय दिसते?"

मास्तर त्याला म्हणाले, "त्यांचे हात अडले आहेत, डोळे नाहीत." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, यांच्यावर तुमचा भरवसा आहे ना? नसेल तर दुसरं कोणी आणा, मी थांबतो."

 सिंधू माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या मानेवरची शीर उडत होती, ती मला दिसत होती. गिरिधर, मला पाच माणसांसमोर नाही म्हणता आलं असतं. तेवढ्यासाठी मी दोन वर्षं वाट पाहत होते की काय, असंही मनात आलं.

मी म्हटलं, "आहे."

तेव्हा भरवसा नव्हता. तरी तसं म्हटलं.

सिंधूनं गुप्ततेच्या कागदावर सही केली. खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवून रामाजी बाहेर गेला. टेबलावर मतपत्रिका उलगडून तिनं शिक्का शाईवर दाबला. मला वाटलं, आता ती विचारेल, कुठं मारू. तिनं विचारलं नाही. माझी मूठ दोन्ही हातांत धरून तिनं ती चोळली, फुंकर घातली, आणि शिक्का त्या बोटांच्या बेचक्यात बसवला. वरून आपला हात ठेवला.

"ताई, मी डोये मिटते," ती माझ्या कानाशी म्हणाली. "हात तुमी न्या. पोचला का हो म्हना, मी जोर देते."

मी मान वळवून पाहिलं. तिनं डोळे खरोखरच मिटले होते, घट्ट, लहान मूल मिटतं तसे. मी हात नेला. तिचा हात माझ्या हाताबरोबर आला, कुठे ओढला नाही, कुठे अडवला नाही. चिन्ह आलं तेव्हा मी हो म्हटलं. शिक्का थोडा रेघेकडे सरकून पडला. बाद झाला की मोजला गेला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. या काळजीनं दोन रात्री झोपले नाही. सिंधूनं मतपत्रिकेची घडीसुद्धा चाचपडत घातली. पेटीत टाकल्यावरच डोळे उघडले.

बाहेर आलो. रामाजी आणि जोडीदार चहा प्यायला गेले आणि आम्ही दोघी रिक्षात बसून होतो. सिंधू म्हणाली, "ताई, मागच्या टायमाचं तुमाले मालूम हाये ना?"

"हो."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू मला जेवू घालतेस म्हणून."

ती रडायला लागली. डोळे पुसेना, नुसतं पाणी वाहू दिलं. मग तिनं सांगितलं. "त्यायनंच म्हटलं होतं मले. ताईचं मत बेकार जाऊन राहिलं, त्यायच्या दोस्ताले कामी येईल, तू चिठ्ठी घेऊन जाऊन ये, ताईले सांगू नको. नवीन लग्न होतं, मी नाही कशी म्हनू? तवापासून तुमाले भरवताना मले तुमच्याकडे पाह्यवत नाही."

मी दोन वर्षं तिच्यावर संशय घेतला. आणि तुला मागच्या पत्रात लिहिलं, तिला कोणी तरी शिकवलं असेल, तू रागावू नको. ते तू वाचलंस. वाचून तू मला काहीच लिहिलं नाहीस.

तू दुष्टपणानं केलं असं मी म्हणत नाही. तुझा दोस्त आला असेल, हसत-खेळत झालं असेल, तायडी तर पडूनच असते असं वाटलं असेल. पण त्या दिवशी एका मतासाठी तू आपल्या नव्या नवरीला माझ्या नावानं रांगेत उभं केलंस. मग मला कसं लिहिलंस, की एका मतानं काय होते?

हे पत्र कोणी फोडून वाचलं तर वाचू दे. सिंधूला मी वाचून दाखवलं आहे. तिला आधी पत्र लिही. तिची माफी माग. माझी नंतर मागितलीस तरी चालेल.

मी कोणाला मत दिलं, ते विचारू नको. सिंधूलाही माहीत नाही.

यापुढे माझ्या वतीनं काही ठरवायचं असेल, औषध असो, घर असो, माझं शेवटचं काही असो, तर आधी मला विचार. मी इथेच असते, गिरिधर. मला विचारायला कोणाला लांब जावं लागत नाही.

तुझी थोरली बहीण,
जयवंता