जाळ्यांवरचा शेरा

दादा,

जहाजातलं तेल आमच्या किनाऱ्यावर पसरलं आणि भरपाईचा दावा तपासायला विमा कंपनीने नेमकं तुलाच धाडलं. तेलाने माखलेल्या आमच्या जाळ्यांवर तू शेरा मारलास, "जुनी, आधीच निकामी." मी कळवळून म्हणाले, "दादा, खरं लिही." तू म्हणालास, "बाई, पुरावा दाखवा." सख्ख्या बहिणीला बाई!

मग काल सुनावणीत मी सांगूनच टाकलं, "हा माझा भाऊ. जाळ्यांचा दोरा गेल्या वर्षी यानेच आणून दिला. पावतीवर याचंच नाव आहे." तुझा अहवाल रद्द झाला.

बाहेर तू चिडून विचारलंस, "माझी नोकरी गेली तर?" अरे, तुझ्या मेहुण्याची होडी सहा महिने पडून आहे, कधी विचारपूस केलीस?

हे पत्र टाकणार नाही. तुझ्याकडे टपाल आई उघडते, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही.

तुझी धाकटी