बंदुकीचा वारस

भोर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुग्रह,

सलाम. पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. रविवारच्या फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणतो आणि तीन मिनिटांत आपलं बोलणं उरकतं. आईकडे देऊ का विचारलं, की तुला नेमकं कुठंतरी निघायचं असतं. अडीच वर्षांत तू तिच्याशी एकदाही बोलला नाहीस. ती फोनच्या आसपास काहीतरी काम काढून बसते. वाटाणे सोलते, नाहीतर सोललेलेच परत निवडते. मी फोन ठेवला की विचारते, जेवला का तो? मी हो म्हणतो. तू जेवलास का हे मी कधी विचारतच नाही, हे तिला ठाऊक आहे.

पहिली बातमी अशी, की माझं बंदुकांचं कपाट सध्या निम्मं रिकामं आहे. नगरपालिकेची निवडणूक लागली, आचारसंहिता आली, आणि दरवेळेप्रमाणे मी दोन्ही बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून पावती खिशात घालून आलो. दरवेळी मला याचा संताप येतो. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, या हातून सुटला असेल तर खडू सुटला. मी काय मतदान केंद्रावर बार काढणार आहे? पण ठाण्यातला हवालदार माझाच विद्यार्थी निघाला. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, “सर, तुमच्या बंदुकांना हितं तुमच्या घरापेक्षा जास्त पहारा हाय.” मग काय रागवणार? चहा पिऊन आलो.

कपाटात बाकीचं सामान आहे तसंच आहे. पणजोबांचं बंदुकीच्या दारूचं शिंग, तीन गज, मोडक्या बंदुकीचा घोडा, आणि प्रत्येकाखाली तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. सहावीत असताना लिहिल्या होत्यास. ठासणीच्या बंदुकीखालची चिठ्ठी काल पुन्हा वाचली. तू मला विचारलं होतंस, ही कुणाला लागली होती का? मी म्हणालो, माहीत नाही. तर तू सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंस, ‘भोर संस्थानच्या शिकारखान्यातील. कुणाला लागली ते माहीत नाही.’ पाहुणे ती वाचून हसतात. मी कधी बदलली नाही.

आणि हिर्डोशी आठवते का? भात निसवलं की तिथल्या रखमाजीचा निरोप यायचा, रानडुकरं शेतात उतरायला लागली म्हणून. आपण एसटीनं जायचो. तिन्हीसांजेला मी बांधावर उभा राहून हवेत दोन बार काढायचो आणि तू रखमाजीच्या घोंगडीत डोकं खुपसायचास. तुला बार कधीच आवडला नाही. तुला आवडायचं ते दुसऱ्या दिवशीचं काम, गजाला तेलाचं फडकं गुंडाळून नळी साफ करायचं. एकदा तुझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि आई ओरडली होती. तुझ्यावर नव्हे, माझ्यावर. तिचं सगळं ओरडणं माझ्याच वाट्याला आलं बघ. तुझ्यावर आवाज चढवलेला मला तरी एकदाही आठवत नाही.

तीनच्या दोन बंदुका कशा झाल्या तेही तुला माहीत आहे. सरकारनं कायदा केला, परवान्यावर दोनच ठेवायच्या. पणजोबांची ठासणीची आणि आजोबांची एकनळी ठेवली, माझी स्वतःची दुनळी देऊन टाकली. तेव्हा महिनाभर मी घरात व्याख्यानं दिली. सरकारनं रस्ते करावेत, दवाखाने चालवावेत, माझ्या भिंतीवरचे खिळे मोजू नयेत. घर ही प्रभूनं दिलेली जागा आहे, तिथं सरकारचं काय काम? फोनवर तू पोट धरून हसलास. मग हसणं थांबवून म्हणालास, “बाबा, हे तुमच्या कपाटापुरतंच आहे, की माझ्या घरालाही लागू आहे?” मी विषय बदलला. गणिताच्या मास्तरानं उत्तर येत नाही म्हणून विषय बदलावा यासारखी नामुष्की नाही, पण बदलला.

दुसरी बातमी बंदुकांचीच. ऑगस्टमध्ये मला सत्तर पूर्ण झाली. सत्तरीनंतर हयातीतच बंदूक वारसाच्या नावावर करून देता येते, तसा नियम आहे. मी अर्ज करायचा ठरवलं. तुला आधी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. या घरात मी कुणाला आधी विचारत नाही, हे आता तुला नवीन नाही. रखमाजी बाजाराला आला होता, त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, “मास्तर, बंदूक द्याया निगालात, पर घेनारा हाये कुठं? तुमचं पोरगं लई दिसांत हितं दिसलं न्हाई. भांडान झालं व्हय?” मी म्हटलं, पुण्यात काम फार असतं. तो म्हणाला, “पुनं काय मुलुखाच्या पल्याड हाये का?” मला राग आला, पण त्याचं काय चुकलं? गेल्या दिवाळीत तुम्ही दोघं महाबळेश्वरला गेलात हे मला शौनकच्या वडिलांकडून कळलं. गंगाधरराव बँकेच्या पायरीवर भेटले, त्यांनी सहज सांगितलं. म्हणजे कामथडीवरून गेलात आणि भोरचा फाटा सोडून पुढं गेलात. मी ते आईला सांगितलं नाही. गंगाधररावांच्या बायकोनं सांगितलं.

तर आता त्या कागदाविषयी लिहितो, त्याशिवाय पुढं जाता येत नाही. तेवीसच्या उन्हाळ्यात सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू होती. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या काहींनी ठरवलं, की स्त्री आणि पुरुष यांखेरीज कुणाच्याही सहजीवनाला सरकारनं लग्न म्हणू नये असं निवेदन पाठवायचं. मसुदा मी लिहिला. भोरपासून नसरापूरपर्यंत स्कूटरवर फिरून सत्तेचाळीस सह्या मी गोळा केल्या. तुझं आणि शौनकचं तोवर मला समजलेलं होतं. समजूनही लिहिला की समजलं म्हणूनच लिहिला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मग कुणीतरी त्या पानांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. तू त्या ग्रुपवर आहेस हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. पहिली सही माझी, तिच्याखाली आईची. दहा मिनिटांत तुझा फोन आला. माझ्या सहीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. एवढंच विचारलंस, “आईनंसुद्धा?” मी म्हणालो, “सगळ्यांनीच केल्यात.”

त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. माझ्याशी बोलतोस, तीन मिनिटं का होईना. याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडून तुला वेगळी अपेक्षाच नव्हती, म्हणून माझ्यावर रागही धरला नाहीस. तिच्याकडून होती.

माझ्या मताबद्दल विचारशील तर ते बदललेलं नाही. गोड वाटावं म्हणून खोटं लिहायला मी बसलो नाही. लग्न म्हणजे काय ते मला पवित्र शास्त्रानं शिकवलं, ते माझ्या आईवडिलांकडून माझ्याकडे आलं, आणि सत्तराव्या वर्षी ते टाकून देणं मला जमायचं नाही. कोर्टानं अशा लग्नाला मान्यता नाकारली तेव्हा मंडळीत पेढे वाटले. मीही एक घेतला. घरी आणला, आईपुढं धरला, तर ती म्हणाली, मला गोड नको. तो फडताळात राहून कडक झाला. तेव्हापासून एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली आहे. बंदुकीच्या बाबतीत सरकारनं माझ्या दारात येऊ नये म्हणून मी कंठशोष करतो, आणि त्याच सरकारला पत्र पाठवून मी तुझ्या दारात उभं केलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण आता मी विषय बदलत नाही, एवढं तरी माझ्या नावावर मांड.

गेल्या महिन्यात अर्जाच्या कामाला आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. बंदूक तुझ्या नावावर करायची तर दुसऱ्या वारसाची, म्हणजे आईची, ना हरकत लागते. तिथल्या शेफाली मॅडम फार नीट माणूस आहेत, एकेक रकाना विचारून भरत होत्या. मुलाचं नाव, वय, शिक्षण. मग विचारलं, लग्न झालंय का? मी पिशवीतले कागद चाळायला लागलो. आई म्हणाली, “तो एकटा नाहीये. पण तुमच्या फॉर्मात तसा रकाना नसेल.” मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हलक्या हातानं ‘अविवाहित’ लिहिलं. दुसरं काही लिहिता येणारच नव्हतं. मी सत्तेचाळीस सह्या जमवल्या होत्या त्या नेमक्या ह्याच शब्दासाठी. पण तुझ्या नावापुढं तो लिहिला जाताना बघून मला बरं वाटलं नाही, अनुग्रह. अजिबात बरं वाटलं नाही.

मग ना हरकतीचा कागद पुढं आला आणि मॅडम म्हणाल्या, इथं काकूंची सही. मी पेन उचललं. सवयच आहे. गॅसचं पुस्तक, बँकेची स्लिप, तुझ्या शाळेचं प्रगतिपुस्तक, लग्न झाल्यापासून तिच्या सगळ्या सह्या मीच करत आलो. ती स्वयंपाकात असायची, कागद घाईचा असायचा, आणि ‘शैलजा’ मी तिच्यापेक्षा झोकदार काढायचो. आपल्याकडे किती घरांत असंच चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. सगळ्या कचेरीदेखत. म्हणाली, “माझी सही मी करते.” आणि चष्मा लावून, एकेक अक्षर सावकाश काढत, तिनं केली. ‘जा’चा काना ओळीच्या खाली गेला. मी तिची खरी सही कितीतरी वर्षांनी पाहिली.

परत येताना ती स्कूटरवर मागं बसली होती. नीरेच्या पुलावर तिनं विचारलं, “आणखी कुठं कुठं केलीत माझी सही?” मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. तुला अजून सांगितलेलं नाही ते हेच. त्या निवेदनावरची सही तिची नाही, मी केलेली आहे. तो कागद मी तिच्यापुढं ठेवला होता, तिनं वाचला, “राहू द्या” म्हणाली आणि आत गेली. तिला नको होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी पाळकांपासून सगळ्यांच्या घरून बायकांच्या सह्या आल्या होत्या, माझ्याच घरची नाही हे कसं दिसेल, म्हणून मी केली. तू विचारलंस तेव्हा एका शब्दात खरं सांगता आलं असतं. ते मी टाळलं, आणि अडीच वर्षं रोज टाळत राहिलो. पुलावर ती मला म्हणाली, “म्हणजे तो माझ्यावर रागावलाय? मी समजत होते, तुमच्यावर रागावलाय आणि मला त्याची झळ लागतेय.” रडली असती तर मला समजूत घालता आली असती. ती रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “मी त्याला सांगणार नाही. केलंय तुम्ही, कळवायचंही तुम्हीच. आणि लिहून कळवा, फोनवर तुम्ही निम्मं गिळता.” तिला हे पत्र वाचायला दिलं, तर न वाचताच परत केलं. बंदुका घ्यायच्या की नाही ते तू सावकाश ठरव, नाही घेतल्यास तरी माझी तक्रार नाही. माझ्याशी बोलणं बंद केलंस तरी मला ते बोचेल, पण समजेल. आईला मात्र फोन कर. दुपारी चारला ती ओट्यावर असते. मी रोज त्या वेळी नदीकडे फिरायला जात जाईन आणि पाचच्या आत परतणार नाही, म्हणजे तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल. शौनकला माझा सलाम सांग.

तुझाच,
बाबा