इलेक्ट्रॉनिक्सचे दोनशे मार्क

१२ जून १९९५, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. बारावी सायन्सचं वर्ष आहे, पुढं इंजिनिअर झाल्यावर हाताशी असावी.
संकल्प: पहाटे चारला उठणे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स रोज. पिक्चर बंद.
इलेक्ट्रॉनिक्सची काळजी नाही. बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडून हा एकच दोनशे मार्कांचा विषय घेतला, ही माझी आजवरची सगळ्यात मोठी हुशारी. प्रॅक्टिकलचे मार्क हातचेच. टक्के आपोआप फुगतात.

१३ जून
पावणेआठला उठलो. गजर आईनं बंद केला असणार. आई म्हणते, तूच केलास.

२६ जून
धाकट्या बहिणीचा, स्वरूपाचा, दहावीचा निकाल. ८३ टक्के. मला गेल्या वर्षी ७४ होते, पण आमच्या वेळी पेपर कडक तपासले होते.
तिला अकरावी सायन्स पाहिजे. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, माझं मत विचारलं. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. घरात सायन्स कळणारा मी एकटाच. मी म्हटलं, घरात एक इंजिनिअर बास. पोरीला डिप्लोमाला घाला, लवकर नोकरीला लागेल. आणि ती जवळ नाही बघून, तिलाही तेच बरं वाटतंय, असंही सांगून टाकलं. तिला अजून वाटत नाही, पण वाटेल. तात्या म्हणाले, तू म्हणतोस तर तसं.
स्वरूपा जेवताना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. योग्य मार्गदर्शन केल्याचं समाधान.

२१ ऑगस्ट
स्वरूपा बारामतीच्या पॉलिटेक्निकला जायला लागली. माझं कॉलेजही बारामतीतच. इलेक्ट्रॉनिक्सच घेतलं, माझं बघून. भवानीनगरहून आम्ही एकाच एसटीनं जातो, पण मी मागं मित्रांबरोबर बसतो. सायन्सवाले आणि डिप्लोमावाले यात थोडं अंतर राहिलेलं बरं.

५ नोव्हेंबर
वर्गातला बिरदेव म्हणतो, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला फक्त पीसीएमचे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे तीनशे मार्क धरतात. इलेक्ट्रॉनिक्स मोजतच नाहीत. त्याच्या चुलतभावाचं असंच झालं म्हणे.
बिरदेवनं बायोलॉजी घेतलंय. पोटात दुखतंय, दुसरं काय. सरकार दोनशे मार्कांचा विषय उगाच काढेल का?
सरांना विचारणार होतो. पण सर गडबडीत होते. उद्याही असतील.

१ जानेवारी १९९६
नवीन संकल्प: चारला नाही, साडेपाचला.

२ जानेवारी
साडेपाचला थंडी फार. आजारी पडलो तर वर्ष वाया. तब्येत आधी.

४ मार्च
फिजिक्सचा पेपर झाला. दोन प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचे. बिरदेवनं ते सोडवले, म्हणजे तो सिलॅबसच्या बाहेरचंही करतो. असा अभ्यास बरोबर नाही.

१५ मार्च
मॅथ्सचं बोलायला नको. इलेक्ट्रॉनिक्स मात्र कडक. दोनशेपैकी एकशेनव्वदच्या खाली येत नाही.

७ जून
निकाल. ७२ टक्के. इलेक्ट्रॉनिक्स १९४. कारखान्याच्या कॉलनीत सायन्सला पहिला. आम्ही तिघंच होतो, तरी पहिला तो पहिलाच. पीसीएम १६८. हा आकडा कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.
तात्यांनी काट्यावर पेढे वाटले. ऊस नसतानाही गर्दी झाली.

११ जून
बिरदेवनं ॲडमिशनचं पुस्तक आणून दाखवलं. पान बारा. पीसीएम. फक्त पीसीएम. पान तेरावर तरी इलेक्ट्रॉनिक्स असेल म्हणून उलटलं, तर तिथं फीचा तक्ता.
छापताना राहिलं असेल. पुण्यात गेल्यावर काउंटरवर कळेलच.
जेवण गेलं नाही. उन्हाळ्यात होतं असं.

१५ जून
कॉलनीच्या मंडळाकडून सत्कार. तात्यांना कसं नको म्हणणार? मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव आबा माईकवर म्हणाले, आपल्या कॉलनीचा पैला इंजिनिअर, पोरांनो, ह्याच्याकडं बगा. सगळे बघायला लागले. शाल, नारळ, हार. मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, यशाला शॉर्टकट नसतो.
तात्या पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. पान बारा मला पाठ झालं होतं. तरी मी नारळ घेतला. घरी आल्यावर आई म्हणाली, देवापुढं ठेव. मला ठेववला नाही, आईनंच ठेवला.

९ जुलै
पुणे. तात्या रजा काढून बरोबर. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन.
काउंटरवरच्या माणसानं मार्कशीट बघितली आणि पीसीएम बोला म्हणाला. मी हळू आवाजात १६८ म्हटलं. तो म्हणाला, इतक्यावर यंदा अवघड आहे, मागचा कोण?
तात्या पुढं झाले. म्हणाले, सायेब, ह्येच्यात दोनशेपैकी एकशेचौऱ्यान्नव हायत, त्ये बी धरा की. तो म्हणाला, ते इथं धरत नाहीत. तात्यांना वाटलं त्याला नीट दिसलं नाही. त्यांनी मार्कशीट त्याच्याकडं फिरवून त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि परत म्हणाले, ह्ये बगा, एकशेचौऱ्यान्नव. मागची पोरं हसली.
मी तात्यांचा हात धरून बाजूला घेतलं. त्यांनी विचारलं, तुला म्हाईत हुतं का? मी नाही म्हटलं.
परत येताना पाटसला गाडी थांबली. तात्यांनी मला वडापाव घेऊन दिला. स्वतः काही खाल्लं नाही. मी खाल्ला. भूक लागली होती, त्याचीही लाज वाटली.

२ ऑगस्ट
इलेक्ट्रॉनिक्स वाया गेलं नाही. त्या विषयावर पॉलिटेक्निकला थेट सेकंड इयरला प्रवेश मिळतो. फर्स्ट इयर अख्खं माफ. बिरदेवला पुण्यात इंजिनिअरिंग मिळालं, पण त्याला बिचाऱ्याला फर्स्ट इयरपासून सुरुवात.
आई शेजारी सांगत होती, आमचा डायरेक्ट सेकंड इयरला बसला. ऐकायला बरं वाटतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं घालून फर्स्ट इयरचं एक वाचवलं, पण असं बघायची गरज नाही.
स्वरूपाही सेकंड इयरला. डिव्हिजन दोन असतील.

१२ ऑगस्ट
डिव्हिजन एकच.
ती पहिल्या बाकावर. फर्स्ट इयरला कॉलेजात पहिली आली होती. निकालाच्या दिवशी मी घरी नव्हतो की होतो, आठवत नाही. मी शेवटच्या बाकावर. सरांनी हजेरी घेताना आडनाव बघून तिला विचारलं, हा तुझा धाकटा भाऊ का? ती उभी राहून म्हणाली, नाही सर, दादा आहे. वर्ग हसला. ती हसली नाही.
मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, चांगले मार्क टिकवले तर डिप्लोमानंतर थेट डिग्रीच्या सेकंड इयरला जाता येतं, स्वरूपा जाणारच. म्हणजे ती इंजिनिअर होणार.
मी वडापाव घ्यायला गेलो.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या ड्रॉइंगची शीट द्यायची आहे. फर्स्ट इयरचं ड्रॉइंग मला माफ झालंय, त्यामुळं येत नाही. स्वरूपानं स्वतःची शीट बाजूला ठेवून माझा कागद बोर्डावर लावला आणि शिकवायला बसली. रेघ कशी धरायची इथपासून. एकदाही कुरकुर नाही.
तात्या ड्युटीवरून आले. दारातच उभं राहून आमच्याकडं बघत राहिले. मग तिला म्हणाले, पोरी, तवा तुलाच सायन्सला घालाय पायजे हुतं. पन ह्यो म्हनला, तुलाच नगं हाय.
स्वरूपाचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडं कायम असतात. तात्या हातपाय धुवायला मागं गेले.
इतकी लाज मला पुण्याच्या काउंटरवरसुद्धा वाटली नव्हती. तिला सॉरी म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि विचारलं, पेन्सिल एचबी घेऊ का टू-एच?
तिनं टू-एच दिली.