रामभाऊंच्या नावाची ओ

१८ नोव्हेंबर १९९४, इंदूर

रात्रीच्या एस.टी.ने धुळ्याहून निघालो आणि सेंधव्याचा घाट चढून सकाळी इंदुरात उतरलो. कंबर मोडली, पण जीव खुशीत आहे. भानुमतीने निघताना ही वही हातात दिली. तिकडे काय काय खाता ते लिहून ठेवा, परत आलात की वाचून दाखवा, म्हणाली. तिला इंदूरच्या खाण्याचं फार कौतुक, पण गुडघे तिला गल्लीबाहेर जाऊ देत नाहीत. मी सातवीपर्यंतच शिकलो, तरी लिहीन.

स्टँडवरच पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरतात, आणि मध्येच गोड जिलबीचा तुकडा. भानूला हे पटायचं नाही.

गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदा काम मिळालं आहे. सराफा बाजारात जयेश शेठजींचं चांदीचं दुकान आहे, त्याची रात्रीची राखण. राहायला मागची खोली. शेठजींनी माझं वय विचारलं नाही, डोळ्यांना नीट दिसतं का तेही नाही. एवढंच विचारलं, गिरणीत बदलीवर काम केलंय का? म्हटलं, अर्धं आयुष्य त्यातच गेलं. ते खूश झाले. का खूश झाले, कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज सराफा पाहिला. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. संध्याकाळी शटर पडली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात. शेठ लोकच त्यांना बसू देतात. माणसांची जाग असली की चोर फिरकत नाही. काय ती गर्दी! ताटाएवढा जलेबा, दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, रबडी. आमच्या ओट्यावर शाम नावाचा माणूस गराडू तळतो. गराडू म्हणजे कंद. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा, वर लिंबू. मी पोटाचं कारण सांगून नको म्हणत होतो, तर म्हणाला, "काका, इंदुरात पोट बिघडत नाही भिया, सवय बिघडते."

घरी जाताना शेठजींनी रस्त्यावरून आवाज दिला, "रामभाऊ, बैठे हो ना?"

मी मागे पाहिलं. शाम म्हणाला, तुम्हालाच. आधीच्या राखणदाराचं नाव आहे, तुमचं लक्ष्मीकांत फार लांब पडतं. मला यात नवल वाटलं नाही. गिरणीत कायमचा माणूस आला नाही की त्याच्या यंत्रमागावर बदलीवाला उभा राहायचा, आणि हजेरीला त्या माणसाचं नाव पुकारलं की ओ बदलीवाल्याने द्यायची. जुनी सवय. मी म्हटलं, "हो, बसलोय."

२४ नोव्हेंबर

दुपारी राजवाड्याकडे फिरलो. भानूसाठी बांगड्या पाहिल्या. इथल्याही गिरण्या बंद पडल्यात, माझ्यासारखे बरेच म्हातारे फुटपाथवर मोजे, कंगवे घेऊन बसलेले दिसतात. मग मला धुळ्याहून का बोलावलं? इथलं कुणीच का मिळालं नाही?

शेठजी माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघतात. शाम रोज फुकट खाऊ घालतो, आणि दोन द्रोण ठेवतो. एक माझा. दुसरा माझ्या शेजारी, रिकाम्या जागेपुढे. विचारलं तर म्हणतो, राहू द्या. शेठजींचं आणि त्याचं काहीतरी ठरलेलं आहे.

२९ नोव्हेंबर

आज शामने एकच द्रोण ठेवला. दुसरा कुठे, विचारलं. म्हणाला, आता गरज नाही.

गराडूला चव नव्हती. कापूस चावल्यासारखं झालं. रबडी खाल्ली, तीही तशीच. पहाटे खोकला आला आणि हातावर कापसाची पांढरी पिंज पडली. मी तर विणकाम खात्यातला, पिंजणखात्यात कधी नव्हतो.

२ डिसेंबर

आनंदीबाई म्हणून निवृत्त मास्तरीणबाई इथे शिकंजी प्यायला येतात. धुळ्याचा आहे म्हटल्यावर जवळ आल्या. हळू आवाजात विचारलं, रामभाऊंच्या नावाला ओ दिलीत का? म्हटलं, रोज देतो.

बाई ओट्यावर टेकल्या आणि सांगू लागल्या. रामभाऊ इथल्याच गिरणीत पिंजणखात्यात होते. गिरणी बंद झाल्यावर राखणीला लागले आणि गेल्या हिवाळ्यात याच ओट्यावर बसल्या बसल्या गेले. तेव्हापासून इथे राखणदार टिकत नाही. शेजारी कुणीतरी खोकत असतं म्हणतात.

"मला सांगा, गिरणीत बदली हजर झाली की आधीचा माणूस काय करतो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घरी जातो.

त्या उठल्या. शिकंजी तशीच टाकून गेल्या.

३ डिसेंबर

ठरवून गप्प बसलो. शेठजींनी पुकारलं. मी दात घट्ट आवळले. तरी ओ गेली — माझ्याच घशातून, पण आवाज माझा नाही. शामने मान खाली घातली. म्हणाला, "माफ करा काका. रामभाऊ बी लई थकले होते."

४ डिसेंबर

स्टँडकडे निघालो. चौकापर्यंत पाय चालले. पुढे नाही. आपसूक वळले.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून धुळ्याला आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला फोन लावला. भानूला बोलवा म्हटलं. तो हसून म्हणाला, ती कशी येईल आता, लक्ष्मीकांतकाका आलेत ना काल रात्री. सगळी गल्ली जमली आहे दारात. इंदूरचं सांगतायत, गराडू, जलेबा, काय काय. फक्त खोकला घेऊन आलेत तिकडून.

मी ओरडलो, तो मी नाही. त्याने विचारलं, आपण कोण बोलता?

लक्ष्मीकांत म्हणायचं होतं. तोंडातून "रामभाऊ" आलं.

मागे भानू हसत होती. किती दिवसांनी ऐकलं तिचं हसू —

५ डिसेंबर

ओट्यावरून उठता येत नाही. खाली पिंज साचली आहे.

भानूने वही मागितली असेल. तो काय वाचून दाखवतो आहे? वही तर माझ्याकडे —

माझं नाव लक्ष्मीकांत. धुळे. बायको भानुमती. विसरू नये म्हणून लिहितो आहे. लक्ष्मी — लक्ष्मीकांत.

शेठजी दुकानातून उतरले. आज मी तोंडात मफलर कोंबला आहे. आवाज फुटणारच नाही. एकदा, फक्त एकदा ओ गेली नाही, तर त्याला माझ्या घरातून उठून यावं —

पुकारलं.

गप्प आहे. आवाज आला नाही. नाही आला. भानू, आवाज नाही — पण हात लिहितोय —

हो, बसलो