छातीत जाणारी पूड

माय, लस दिलेल्या सशांची फुप्फुसं स्वच्छ निघाली. काल दुपारी आमच्या प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहून तसं सांगितलं. न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची आमची लस सुईतून द्यायची नाही. ती कोरडी पूड आहे, श्वासाबरोबर आत ओढायची. बर्फाची पेटी लागणार नाही, मुलचेऱ्याच्या जंगलातल्या आतल्या गावांपर्यंत पिशवीतून नेता येईल, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. बातमी ऐकून बाकीच्यांनी पेढे मागवले. माझा पेढा मी तसाच टेबलावर ठेवला.

पूड म्हटली की मला नागभीडची राइस मिल दिसते. तुझा जेवणाचा डबा घेऊन मी दारात उभी आहे. पट्टा घरघरतो आहे, हवेत इतका कोंडा की तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात. तोंडावरचा पदर न सोडता तू ओरडतेस, "काऊन उभी हायेस तिथी? कोंडा छातीत जाते! बाहेर निंघ!" शेजारची बाई हसते, "इले मास्तरीण करतेस का व?" तू म्हणतेस, "कलेक्टरीण करीन. पयले बाहेर तं निंघू दे तिले!"

संध्याकाळी तुम्ही सगळ्या गुळाचा खडा चघळत घरी यायच्यात. गुळानं छातीतला कोंडा उतरतो, ही मिलमधल्या बायांची खात्री. म्हणून त्या भादव्यात तुला ताप भरला, बरगडीत कळ यायला लागली, तरी तू गूळच मागितलास. "कोंडा हाय, खोकून निंघून जाईन. दवाखान्याचं काई काम नाई." बाबांनाही ते पटलं. मिलमधल्या साऱ्यांना असंच तर होत असे. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा तुझ्या नाकपुड्या फुलत होत्या. न्यूमोनिया आहे, इतके दिवस काय करत होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. तू घरी परत आलीच नाहीस.

तो कोंडा नव्हता, जंतू होते, हे आता मला ठाऊक आहे. आमची पूड कोंड्याहून कितीतरी बारीक, छातीत विरघळून जाणारी, हेही मी लोकांना शांतपणे समजावते. भीती वेगळीच आहे. उद्या एखाद्या गावात एखादी बाई आमची पूड ओढेल, नंतर कधीतरी तिला दुसऱ्याच जंतूचा ताप येईल, आणि ती म्हणेल, लसीची पूड हाय, खोकून निंघून जाईन. ती घरीच पडून राहील. हे मी बैठकीत बोलले. ताप आला तर दवाखान्यात जा, अशी एक ओळ लसीबरोबरच्या पत्रकात घालू, असं ठरलं. पत्रक तू वाचलं असतंस का, माय?

सोमवारी लस नसलेली, नुसती साखरेची पूड माणसांनी ओढून पाहायची आहे. पहिलं नाव माझं, मीच दिलं. परवा सरावासाठी पूड ओढायची रिकामी नळी ओठांत धरली आणि मला श्वासच घेता आला नाही. बॅटरी बिघडली असावी असं सांगून मी ती खाली ठेवली. त्या नळीत बॅटरी नसते. सोमवारी सकाळी ती भरलेली असेल.