हृदयाची गोळी आणि अळणी भाजी

प्रिय ढब्बूस,

ताईचे पोतंभर आशीर्वाद. (ढब्बू म्हटल्याचा राग आला असेल तर आधी दोन घोट पाणी पी आणि मग पुढे वाच. आता तू मोठ्या ऑफिसात मोठ्या टेबलामागे बसतेस हे मला ठाऊक आहे, पण पलंगाखाली अडकलेल्या तुला पाय धरून मीच ओढून काढलं आहे, त्यामुळे नाव बदलायचा प्रश्नच येत नाही.) तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण आमच्या घरात ते सिद्ध करायला मागच्या महिन्यात एवढा आटापिटा करावा लागला की तो फोनवर सांगण्यासारखा नाही. शिवाय फोनवर तू मधे मधे बोलतेस.

तर, माझं मागचं तुला माहीतच आहे. मला दिवस गेले होते, आणि मग ते गेलेच. (असं का म्हणतात आपल्यात, कोण जाणे. ऐकताना इतकी वर्षं काही खटकलं नव्हतं.) तेव्हा सासूबाई आणि सासरे नणंदेकडे राहायला गेले होते. ते परत आले तोवर मी चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांना फ्रेमा दाखवायला लागले होते, आणि आम्ही त्यांना काहीच सांगितलं नाही. मुळात दिवस राहिलेत हेच सांगितलं नव्हतं, मग राहिले नाहीत हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पोट बिघडलं होतं म्हणून थोडी बारीक झाले, एवढं सांगितलं. सासूबाईंनी बाहेरचं खाण्यावर एक भाषण दिलं आणि विषय संपला.

आता पुन्हा प्रयत्न करायचा असं आमचं ठरलं, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई फार चांगल्या आहेत, पण त्यांचा चष्मा डावीकडे कलंडलेला असतो. त्या मला शांतपणे समजावत होत्या आणि मी त्यांच्या नाकाकडे बघत होते. शेवटी मला राहवेना. मी हात पुढे करून तो काढून घेतला, दांडी सरळ केली, नाकावरच्या पॅडा दाबल्या आणि परत घातला. बाई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हणाल्या, बरंच नीट दिसतंय की. आणि मग सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. माझं काही चुकलं नव्हतं. असं पुष्कळ जणींचं होतं, बहुतेकींचं पुढच्या वेळी नीट होतं. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज घेऊन बघायला माझ्या बाबतीत हरकत नाही, पण तिचा उपयोग होईलच असं त्या छातीठोकपणे सांगणार नाहीत, कारण काही जणींना थोडा फायदा झालेला दिसतो आणि काहींना अजिबात नाही. मग पोटात कधी अल्सर होता का, दमा आहे का, हिरड्यांतून रक्त येतं का, असं सगळं विचारून घेतलं. खरं सांगू, 'होईलच असं नाही' हे ऐकून मला बरं वाटलं. तोपर्यंत जी ती मला छातीठोकपणेच काहीतरी सांगत होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो औषधवाल्याकडे. माणूस सज्जन आहे, पण त्याचा आवाज रेल्वे फलाटावर घोषणा करायच्या लायकीचा आहे. त्याने चिठ्ठी उजेडात धरली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की ही हृदयाची गोळी कोणासाठी. मी मागे वळून बघितलं तर आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या. या काकू रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर फिरायला जातात, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट फाटकापर्यंत पोचायला त्या स्वतः पोचण्याइतकाही वेळ लागत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरच्यांसाठी." आता सासरे हृदयाची हीच गोळी बरीच वर्षं घेतात, तेव्हा काकूंनी तसं समजायला काहीच हरकत नव्हती. पण सासऱ्यांच्या गोळ्या सासूबाई स्वतः आणतात हे काकूंना पक्कं ठाऊक. मग घरात उरलं कोण? तुझे भाऊजी.

मी घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता काय करायचं? तुला तुझे भाऊजी माहीत आहेत, दिवसभर लोकांना गाडी शिकवून शिकवून त्यांच्याकडे 'हळू' आणि 'ब्रेक' एवढेच शब्द उरलेले असतात. ते थोडा वेळ मोजे हातात धरून बसले आणि म्हणाले, "होतो मी पेशंट. निदान तुला कोणी काही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून घरातलं मीठ गेलं. सासूबाई तोंडाने अक्षर बोलल्या नाहीत. आपल्या मुलाने आपल्यापासून आजार लपवला आहे, म्हणजे तो भयंकरच असणार, आणि त्याला लपवायचंच असेल तर आपणही कळू द्यायचं नाही, असा त्यांनी निश्चय केला. भाजी अळणी, सूप अळणी, अंडी अळणी. भाऊजी घास तोंडात फिरवत 'छान झालंय' म्हणायचे. (हृदय असेल तर ते या माणसाला आहे, एवढं मात्र मला पटलं.) सासरे तर एक घडीचं स्टूल घेऊन जिन्यावर त्यांच्यामागे चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर स्टूल उघडायचे आणि आपल्यालाच धाप लागली आहे असं दाखवून त्यांना बसवायचे. मग खरोखर सासऱ्यांनाच धाप लागायची, भाऊजी त्यांना बसवायचे, आणि दोघं बापलेक एकमेकांना 'तू बस', 'तुम्ही बसा' म्हणत तिथेच तिष्ठत राहायचे. वरच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, आम्ही जिन्यात पहारा ठेवलाय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी मीठ खिशात घेऊन फिरले असते आणि वर्ष काढलं असतं. पण सासूबाईंच्या मनाने घेतलं की खरा धोका त्या गाडीत आहे. त्या वेळी भाऊजींकडे एक दातांचे डॉक्टर शिकायला येत होते. माणूस दातांच्या बाबतीत निष्णात असेल, पण ब्रेक आणि क्लच यांत त्याला काडीचाही फरक दिसत नसे. एका सकाळी सासूबाई, मला वाटेत भाजीबाजारात सोड, म्हणून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी पुढे वाकून दातांच्या डॉक्टरांना हळूच सांगितलं की गाडी अगदी अलगद चालवा, शेजारी बसलाय त्याला दचका सोसणार नाही, हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी ते ऐकलं, भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घाबरून जे सापडलं त्यावर पाय दिला. गाडी फुटपाथवर चढली आणि एका न्हाव्याच्या दुकानाच्या दारात, काचेला नाक लावून उभी राहिली. आत एकाची अर्धी दाढी झाली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सासूबाई मात्र "गोळी द्या त्याला, कोणीतरी गोळी द्या," म्हणत रडायला लागल्या, तो साबण लावलेला माणूस पाण्याचा ग्लास घेऊन धावला, आणि दातांच्या डॉक्टरांनी त्याच दिवसापासून बसने जायचं ठरवलं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. नळ चालू होता आणि खाली एकही भांडं नव्हतं. गाडी विकून टाकू, म्हणाल्या. नणंदेलाही बोलावून घेतलंय, म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि मग माझा हात धरून, तू धीर सोडू नकोस, असं त्या मला सांगायला लागल्या, तेव्हा मात्र माझ्याच्याने ते बघवेना. मी नळ बंद केला आणि म्हटलं, "ती गोळी माझी आहे." आणि मग कशासाठी, ते सांगितलं. आधी काय झालं होतं, तेही सांगितलं. भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते, सासरे त्यांच्यामागे. (स्टूल हातात होतंच.)

ढब्बू, त्या वेळचा सासूबाईंचा चेहरा मला तुला नीट सांगता येणार नाही. पहिल्यांदा त्यांना एवढंच कळलं की मुलगा धडधाकट आहे. हसू पार ओठांवर आलं. आणि मग बाकीचं कळलं, आणि ते हसू तिथेच अडकलं. पुढेही येईना, मागेही जाईना. आपण हसलो याची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, त्या दिवसांत स्वयंपाक कोण करत होतं. मी म्हटलं, हेच करायचे. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, म्हणजे उपाशीच होतीस. मग म्हणाल्या, "आम्हाला बोलावलं का नाहीस?"

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

"वाटलंच असतं," त्या म्हणाल्या. "पण इथे तुझ्याजवळ बसून वाटलं असतं."

  सासऱ्यांनी स्टूल उघडलं, माझ्यासमोर ठेवलं आणि घसा साफ करून विचारलं, म्हणजे आता भाजीत मीठ घालायला हरकत नाही ना? मग आधी भाऊजी हसले, मग सासूबाई, आणि मी त्या स्टुलावर बसून हसता हसता जी रडले, ती भाजी करपेपर्यंत. करपलेली भाजी आम्ही मीठ घालून खाल्ली.

आता आमच्याकडे सकाळी न्याहारी झाली की सासरे आणि मी समोरासमोर बसून एकच गोळी घेतो, म्हणजे एकाच जातीची. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा आहे. पाण्याचा ग्लास उंचावून ते 'चला सूनबाई' म्हणतात. जिन्यात स्टूल आता माझ्यामागे येतं. मला काहीही झालेलं नाही, असं मी रोज सांगते, आणि ते रोज म्हणतात की मी कुठे काय म्हणतोय. नणंद बिचारी एवढ्या लांबून भावाला भेटायला आली आणि त्याला पाठीवर पिशव्या घेऊन जिना चढताना पाहून त्याच्यावरच भडकली. औषधवाल्याला सासूबाईंनी स्वतः जाऊन समज दिली आहे. आता तो इतका हळू बोलतो की काय घ्यायचं तेच कळत नाही.

तर असे आम्ही सगळे मजेत आहोत. काळजीचं काही कारण नाही. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग, तुझ्या नवऱ्याला माझा रागाचा आणि लोभाचा, दोन्ही.

तुझी,
ताई

ता. क. मजेत आहोत असं वर लिहिलंय, ते सकाळी लिहिलं होतं. या महिन्याची तपासणी दुपारी केली. एकच रेघ आली, म्हणजे या वेळीही नाही. दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र आहे, ते चालू असलं की बाहेर काही ऐकू जात नाही. मी आज दोन गिऱ्हाइकांची भिंगं गरजेपेक्षा जास्त वेळ घासली. सासूबाईंना सांगितलं आहे. त्यांनी काही विचारलं नाही, शेजारी बसून शेंगा सोलत राहिल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई करू नका. मी करत नाहीये.

आणखी एक. गेले दोन महिने व्हिडिओ कॉलवर तू मांडीवर उशी घेऊन बसतेस, आणि मागच्या वेळी तर फक्त हनुवटीपासून वर दिसत होतीस. मी चष्मे विकते गं, मला अजून लागत नाही. हे सगळं पत्र मी याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, आणि न्हाव्याच्या दुकानात शिरले. तू माझ्यासाठीच लपवतेस हे मला कळतं. पण रविवारी फोन कर आणि तुझ्या तोंडाने मला सांग. मी माहीत नसल्यासारखी दचकून दाखवीन. मधेच मी गप्प झाले, किंवा नाक ओढल्याचा आवाज आला, तर फोन मात्र ठेवू नकोस. थांब जरा. बारशाचं नंतर बघू, आधी बाळंतपणाला कोणी यायचं, हे मला ठरवायचंय, आणि ती मी आहे.