निळ्या झग्यातले हात

तीर्थरूप दादांस, धाकट्या जबेझचा पाया पडून नमस्कार. तुमचा खोकला, वहिनींचा गुडघा आणि गाभण डुकरीण, तिघांचं कसं आहे? मी देवाच्या दयेने ठीक. (या पत्रात मागणं काही नाही, निर्धास्त वाचा.)

मागच्या मंगळवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी टॅबिथाबाई फेन यांना कुमारी ॲराबेलाचा निळा रेशमी झगा घालायला देऊन खुर्चीत बसवलं. इथे बाथ शहरात थोरामोठ्यांच्या मुली चेहऱ्यापुरत्याच येऊन बसतात. चेहरा आमचे चित्रकार मालक रंगवतात. मग झगा पेटीतून येतो, माणसाएवढ्या लाकडी बाहुलीला चढतो, आणि झगा नि हात माझ्याकडे. पण बाहुलीचा खांदा निखळला होता (मीच तिच्यावर रेलून डुलकी काढत होतो), म्हणून आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या या विधवा बाई बसल्या. दादा, काय ते हात! रंगवण्याआधी मी टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी. बोटावरचे सुईचे टोचेसुद्धा गाळले नाहीत. देवाने ठेवलेलं पुसणारा मी कोण?

झालर तेवढी राहिली होती, तोच ॲराबेलाला मागणी घालू पाहणारे सर हम्फ्री चित्र बघायला आले. चेहरा सोडून हातांपाशीच थबकले. "सुई टोचलीय! म्हणजे मुलगी शिवते!" मुलीच्या आत्याबाई तत्काळ म्हणाल्या, "गरिबांचे सदरे हो. रोज!" शनिवारच्या नाचात सरांनी कौतुकाने तिचा हातमोजा उतरवला, तर आत कुरतडलेली नखं. सोमवारी तणतणत आमच्याकडे आले. झालरीसाठी टॅबिथाबाई झग्यात बसलेल्याच होत्या. सरांनी हात ओळखले, धाडकन गुडघे टेकले आणि तिथल्या तिथे लग्नाचं विचारलं!

"उठा साहेब, खाली रंग ओला आहे," बाई म्हणाल्या. "आणि माझं नाव काय, सांगा बघू?"

सरांना सांगता येईना. मला येत होतं. रोज प्रार्थनेत घेतो. माझेही गुडघे आपोआप टेकले. "टॅबिथाबाई," एवढंच म्हणालो, पुढे आवाज फुटेना. सर निळे गुडघे घेऊन निघून गेले.

तुमचा, जबेझ

ता. क. मागणं नाही, फक्त पाद्रीबाबांना सांगून येत्या रविवारपासून तीन रविवार लग्नासाठी आमच्या दोघांची नावं चर्चमध्ये पुकारून घ्या. कुणी हरकत घेतली तर डुकरीण मोकळी सोडा.

आणखी ता. क. पत्र बाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "अगंबाई, ती मागणी होती? मला वाटलं, ब्रश पडला म्हणून वाकलात!" तेव्हा आत्ताच हात धुतले, ब्रश दूर ठेवला, पुन्हा गुडघे टेकले आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. नावं पुकारू द्या.